अप्पांची वही

थाळनेरच्या त्या बाबांनी फोटो हातात घेतला आणि स्वतःकडे बघितलंच नाही, आधी बैल बघितला. फोटोत ते मधे उभे, डोक्याला गुलाबी फेटा, दोन्ही बाजूला पोळ्याची सजवलेली जोडी, शिंगांना बेगड, अंगावर झूल आणि मागे तापीचं पात्र उन्हात चमकतंय. मी तो फोटो काढला तेव्हा माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवर होतं. बाबांनी मात्र डावीकडच्या बैलाच्या कपाळावर जो पांढरा चांद होता ना, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हाऊ मना चांद्या. इकी टाका याले. पोरनं लगीन व्हतं." (हा माझा चांद्या, विकून टाकला याला, पोरीचं लग्न होतं.) मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बोट तिथेच.

आतून आजी आल्या, त्यांनी फोटो घेतला, पदराने पुसला (आदल्या दिवशीच लॅबमधून आणलेला, पुसायचं काही नव्हतं त्यावर) आणि आत नेऊन देव्हाऱ्याशेजारी उभा करून ठेवला. आम्हाला चहा झाला, निघताना पिशवीत बळंबळं शेंगा घातल्या. ही २०१७ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. तोपर्यंत मी नुसते फोटो काढून आणत होते. त्यानंतर अप्पांचं ऐकायला लागले.

अप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गार्ड होते, भुसावळलाच नोकरी आणि भुसावळलाच रिटायर झाले. आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात पण आमच्या घरात अजून गार्डच. गार्डाचा डबा गाडीच्या शेवटी, त्यामुळे ड्रायव्हरला गाव येताना दिसतं आणि गार्डाला गाव जाताना दिसतं असं ते सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा होतो. गार्डाला प्रत्येक स्टेशनची वेळ जर्नलमध्ये लिहावी लागायची, किती मिनिटं कुठे का थांबलो ते सगळं. ती सवय हाडात गेलेली. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, आठवडाभर फायली आणि रविवारी कॅमेरा, आणि रविवारी गाडी अप्पा चालवतात कारण मला रस्त्यात मधेच "थांबा थांबा" म्हणून ओरडायचं असतं आणि दुसरा कोणी इतका शांतपणे ब्रेक मारणार नाही. पहिल्या दोन-तीन ट्रिपनंतरच त्यांनी दोनशे पानी वही आणली, निळ्या पुठ्ठ्याची, पट्टीने रकाने आखले. तारीख, निघालो, पोचलो, किलोमीटर, गाव, कोणाचा फोटो, किती द्यायचे, दिले की बाकी.

सुरुवातीला मला ते शेवटचे दोन रकाने नको वाटायचे. रविवार एकच, त्यात नवीन जागा बघायची की जुन्या गावात जाऊन फोटो वाटत फिरायचं. मी एकदा तसं बोलून पण दाखवलं. अप्पा म्हणाले, "तू त्यांच्या दारातून काहीतरी घेऊन आलीस ना गं? मग?" एवढंच. पुढे काही समजावलं नाही, वही बंद केली आणि चष्मा काढून ठेवला.

बाहेरच्या लोकांना खानदेश म्हटलं की ऊन आणि वांग्याचं भरीत एवढंच आठवतं. पर्यटक जळगावला उतरतात ते थेट अजिंठ्याला जातात आणि संध्याकाळी परत रेल्वेत बसतात. मला याचा राग येत नाही, वाईट मात्र वाटतं, कारण आमच्याकडे उजेड इतका आहे आणि तो बघायला कोणी थांबत नाही. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर हवा धुतल्यासारखी होते, रावेर-यावल पट्ट्यात सकाळी साडेसहाला केळीच्या बागेत शिरा, ऊन पानाच्या मागून येतं आणि सगळी बाग आतून दिवा लावल्यासारखी हिरवी दिसते, पानाची प्रत्येक शीर मोजून घ्यावी. डिसेंबरात तापीवर धुकं, जानेवारीत दादर म्हणजे रब्बी ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली आणि पलीकडे सातपुडा निळा, फिकट निळा, त्याच्याहून फिकट निळा अशा रांगा. मग फेब्रुवारीपासून उजेड कडक व्हायला लागतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर मोठी लेन्स बाहेर काढून उपयोगच नाही, जमिनीवरून वाफा निघतात आणि फोकस बरोबर लागलेला असूनही फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. म्हणून आम्ही पाचच्या आत घर सोडतो. अप्पा गाडी गेटातून काढताना घड्याळ बघून "राइट टाइम" म्हणतात, आणि डब्यात आईने दिलेली कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.

सगळ्यात जास्त वेळा वहीत कुठलं नाव असेल तर हतनूर. तापीवरचं धरण, एक्केचाळीस दरवाजे, पावसाळ्यात ते उघडले की जळगाव जिल्ह्यात बातमी होते. पण मला ते हिवाळ्यातलं आवडतं, फुगवट्याचं पाणी जिथे उथळ होऊन शेताच्या काठाला लागतं तिथे. तिकडे लांबून आलेली बदकं उतरतात, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, मोठी लालसरी, आणि आपले घरचे वारकरी, शेकाटे, नदी सुरय असतातच. पहिल्या वर्षी मला एकही धड फोटो मिळाला नाही. मी काठावरून चालत जायची आणि दोनशे फुटांवरून सगळा थवा उठायचा. तिथे एक मच्छीमार दादा थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं गोळा करत होते, ते दोन-तीन रविवार माझ्याकडे नुसतं बघत होते, मग एक दिवस जवळ येऊन म्हणाले, "ताई, उभं राहून येऊ नका. उभा माणूस त्यांना लांबून दिसतो. बसून या, आणि सरळ त्यांच्याकडे येऊ नका, दुसरीकडे चालल्यासारखं करा." मी उकिडवी बसून सरकत सरकत गेले, गुडघ्यापर्यंत चिखल, पाऊण तास लागला. चक्रवाकाची जोडी इतकी जवळ होती की नराच्या गळ्यातली काळी रेघ मला साध्या डोळ्यांनी दिसत होती, सोनेरी अंगावर ती रेघ पेनाने ओढल्यासारखी, आणि ती दोघं एकमेकांशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, तो आवाज मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता, कारण लांबून फक्त त्यांचं ओरडणं ऐकू येतं.

तो फोटो दादांना द्यायला गेलो तेव्हा मला जरा शंका होती, त्यात ते स्वतः नव्हते ना. पण त्यांनी फोटो बघून पक्ष्यांच्या मागचा खडक ओळखला, काठावरची बाभूळ ओळखली, आणि बायकोला हाक मारून दाखवलं की हे बघ आपली जागा. वहीत अप्पांनी लिहिलं, हतनूर, जागेचा फोटो, १, दिला.

तिथून मुक्ताईनगरकडे गेलं की चांगदेवचं मंदिर, तापी आणि पूर्णेच्या संगमाजवळ. काळ्या दगडाचं, आज त्याला शिखर नाही, त्यामुळे लांबून बसकं दिसतं, आणि लोक बाहेरून एक सेल्फी घेऊन संगमाकडे जातात. मी पण तेच करायची. काळा दगड फोटोत फार अवघड. दुपारी काढला तर नुसता काळा ठोकळा, भर पावसाळी ढगात काढला तर सपाट. अप्पांनी एकदा सहज विचारलं की ऊन भिंतीला घासून कधी जातं, आणि आम्ही मग तीन वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या वेळी जाऊन बसलो, अप्पांनी वहीत वेळा लिहिल्या. एका भिंतीवर ऊन असं तिरपं येतं की वीस-पंचवीस मिनिटं कोरीवकामातली प्रत्येक आकृती वर उचलून येते, बोटं दिसतात, दागिन्यातले मणी दिसतात, आणि मग ते जातं आणि दगड परत मिटतो. हीच युक्ती वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकाच्या दगडांना पण चालते. गावोगावी मारुतीच्या पारावर शेंदूर फासलेले वीरगळ पडलेले असतात, त्यांना संध्याकाळी बाजूने मोबाईलचा टॉर्च धरला की घोडा, ढाल, वर कैलासात पोचलेला वीर, सगळं दिसायला लागतं. साक्रीकडच्या एका गावात मी असा टॉर्च धरला तेव्हा पारावर बसलेले पाच-सहा म्हातारे उठून आले. रोज त्याच दगडाला टेकून बसणारी माणसं. त्यातला एक जण म्हणाला, याच्यावर लढाई आहे हे माझ्या आज्याने सांगितलेलं पण मला कधी दिसली नव्हती. त्या पारासाठी आम्ही मोठी प्रिंट केली, बारा बाय अठरा, आणि ती ग्रामपंचायतीत लागली.

थाळनेरचंही असंच आहे, लोक ऐकून असतात पण जात नाहीत. लताबाईंचं आजोळ म्हणून नाव माहीत असतं. पण खानदेशावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलेल्या फारुकींची सुरुवात तिथून झाली, मलिक राजाला १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून ती जहागीर मिळाली आणि बऱ्हाणपूर वसलं ते नंतर. किल्ल्याचे बुरूज तापीच्या कडेला आता मातीसारखे ढासळलेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा शरण येताना गैरसमज होऊन कापाकापी झाली आणि नंतर जनरल हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिलं. गावातली मुलं ते अजून सांगतात. फारुकींच्या कबरींमधली ती अष्टकोनी, नक्षीची इमारत बघून मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर फक्त फिरत होते, कॅमेरा गळ्यातच. त्याच दिवशी पोळा होता आणि परत येताना वेशीत ती चांद्याची जोडी दिसली.

एक नोंद मात्र वहीत अर्धी आहे. गावाच्या रकान्यात फक्त "डोंगर" लिहिलंय.

तो रानपिंगळ्याचा दिवस. रानपिंगळा म्हणजे छोटं रानातलं घुबड, आणि हा पक्षी आपल्या खानदेशाचा आहे असं म्हटलं तरी चालेल. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीअभ्यासकाने त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसलाच नाही, संपला असंच धरून चालले होते. मधे एका इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ ची म्हणून दाखवलेली नोंद होती, पण ती ब्रिटिश म्युझियममधून चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेली निघाली, म्हणजे इतकी वर्षं लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. खरी जुनी ठिकाणं धरून पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ तो समोर बसलेला मिळाला. एकशे तेरा वर्षांनी. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला याचा पत्ताही नव्हता, शहादा म्हणजे आमच्यासाठी आत्याचं गाव.

आम्ही पहाटे अडीचला निघालो त्या दिवशी. सातपुड्यात एका पाड्यावरचा पावरा आदिवासी मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा, आम्हाला घेऊन गेला. साग बहुतेक निष्पर्ण झालेला. साधा पिंगळा आपण घराजवळ बघतो, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, याचं डोकं जवळजवळ एकसारखं तपकिरी आणि पाय पिसांनी भरलेले, पायजमा घातल्यासारखे. आणि हा भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो. मुलाने बोट दाखवलं तरी मला दोन मिनिटं दिसला नाही, मग त्याने शेपटी हलवली, झटका दिल्यासारखी डावी-उजवी, आणि दिसला. मी सात-आठ फोटो काढले आणि मग कॅमेरा खाली ठेवला, हात थरथरत होते.

त्या मुलाने नंतर सांगितलं की काही लोक येतात ते मोबाईलवर त्याचा आवाज वाजवतात, मग तो घाबरून की रागावून जवळ येतो, परत परत वाजवतात, तो दिवसभर खात नाही. हे तो अगदी साधेपणाने सांगत होता पण मला फार लागलं. जो पक्षी शंभर वर्षं कोणाला दिसला नाही त्याला आता आपण बघून बघून हैराण करायचं हे बरोबर नाही, मला यात दुसरी बाजू दिसतच नाही. घरट्याच्या दिवसात जाऊ नये, आवाज वाजवू नये, लोकेशन टाकू नये. मी फोटो टाकला तेव्हा किती जणांनी जागा विचारली, चांगली ओळखीची माणसं, एक-दोघं रुसले पण. अप्पांनी तर वहीत सुद्धा नाव लिहिलं नाही, म्हणाले वही कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. दिलेल्याच्या रकान्यात मात्र आहे, १, पाड्यावर.

पावसाळ्यातल्या एका रविवारी पाटणादेवीला निघालो होतो, गौताळ्याच्या जंगलात, पण चाळीसगावला पोचेपर्यंत पाऊस इतका लागला की पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मग स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर बघायला गेलो. एक पारशी माणूस, १९१२ चा जन्म, विलायतेत शिकून आलेला, आणि चाळीसगावसारख्या ठिकाणी जवळपास पन्नास वर्षं फारसं घराबाहेर न पडता त्या घरात राहिला, १९८९ मध्ये गेला. टेबलावर कापूस, काड्या, कागद, माती असं मांडून तो असे फोटो काढायचा की बघणाऱ्याला खरं बर्फाळ गाव किंवा वाळवंटच वाटावं. त्या काळी त्याला देशोदेशीची शेकडो बक्षिसं मिळाली. असं सांगतात की त्यांची प्रेयसी पंजाब मेलने येणार होती आणि ते रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवून वाट बघायचे. अप्पा हे ऐकून एकदम गप्प झाले. कितीतरी वेळा त्यांनी पंजाब मेल घेऊन चाळीसगाव पार केलं होतं. बाहेर आल्यावर गाडीत बसून म्हणाले, "मी हिरवी झेंडी दाखवायचो ना, तेव्हा तो माणूस इथे जागा असायचा." मग वायपर चालू केला. मी काही बोलले नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

२०२१ च्या दिवाळीत घर आवरताना माझी हार्ड डिस्क टेबलावरून पडली. फार उंचावरून पण नाही. लावली तर आतून टक टक टक आवाज. दोन ठिकाणी दाखवली, एकाने उघडली आणि सांगितलं आतली प्लेटच खरवडली गेलीय, काही निघणार नाही. २०१७ ते २०२१ सगळं त्यात. दुसरी कॉपी काढायची म्हणून नवीन डिस्क घेऊन ठेवली होती, ती खोक्यात होती. मी दोन महिने कॅमेऱ्याला हात लावला नाही, रविवारी उशिरा उठायला लागले, आणि अप्पा पाचला उठून तयार होऊन बसायचे आणि मग पेपर वाचायला घ्यायचे.

त्या दिवसात माझ्या डोक्यात सारखा रॉबर्ट गिल यायचा. मद्रास फौजेतला अधिकारी, १८४४ पासून कितीतरी वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरची चित्रं मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवत होता, अंधारात, वाघळांच्या वासात, तापात. ती चित्रं लंडनला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मोजकीच वाचली. तो परत कामाला लागला. पण त्याने फोटो पण काढले होते, स्टिरिओचे, जोडफोटो, ते १८६४ मध्येच पुस्तकांत छापून लोकांच्या घरी गेले होते. ते राहिले. १८७९ मध्ये तो गेला आणि त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. अजिंठ्याला जाणारे कोणी तिथे थांबत नाहीत. आम्ही लहानपणी त्या रस्त्याने जायचो, मला कोणी सांगितलं नव्हतं.

हे मी एका रात्री अप्पांना बोलले. ते उठले, कपाटातून वही आणली, पानं चाळली आणि म्हणाले, "एकशे त्रेचाळीस."

"काय एकशे त्रेचाळीस?"

"दिलेले. एकतीस गावं. तुझ्यापाशी नाहीत, पण आहेत."

मग आम्ही उलटी फेरी सुरू केली. नवीन जागा नाही, वहीतली गावं एकेक करून. कॅमेरा, एक काळं कापड, आणि अप्पांची छत्री. प्रिंटचा फोटो काढायचा म्हणजे चकाकी मोठा त्रास देते, काच असेल तर काढून घ्यावी लागते, भिंतीवरून उतरवून अंगणात सावलीत खाटेवर सपाट ठेवायचा, वरून सरळ काढायचा आणि उजेड दोन्ही बाजूंनी सारखा आहे का बघायचं. अप्पा छत्री धरून उभे.

फोटो कुठे कुठे गेले होते! एका घरात पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला, पेटी उघडली की दिसावा म्हणून. एका ठिकाणी आजीचा फोटो होता तो मधे आजी वारल्यावर दशक्रियेच्या पत्रिकेत छापला होता, मूळ प्रिंट फोटोवाल्याकडून परत आलीच नाही, मला पत्रिका दिली, मी पत्रिकेचा फोटो काढला. एक पुरात गेला, घरातलं बरंच काही गेलं होतं, त्यांनी मलाच उलट विचारलं की तुमच्याकडे असेल ना, आणि मला नाही म्हणताना रडू आलं. हतनूरच्या दादांच्या झोपडीत चक्रवाक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खांबाला बांधलेले, थोडा ओल लागून कडा पिवळ्या झालेल्या. साक्रीकडच्या ग्रामपंचायतीत वीरगळ जागेवर, खाली कोणीतरी पेनाने गावाचं नाव लिहिलंय. पाड्यावरचा रानपिंगळा घरात नव्हता. तो मुलगा आता तिथल्या शाळेत शिपाई लागलाय आणि त्याने तो शाळेत लावलाय, मुलांच्या उंचीवर, आणि त्यावर इतक्या बोटांचे ठसे होते की पक्ष्याचं पोट पांढुरकं पडलेलं. मी तो तसाच, ठशांसकट काढला. पुसला नाही.

एकशे त्रेचाळीसपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. क्वालिटी मूळसारखी नाही, कशी असेल, पण त्यातल्या काहींकडे मी मूळ फोटोपेक्षा जास्त वेळ बघते.

थाळनेर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कारण बाबांचं वय. यावल-चोपडा रस्त्याने गेलो, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, ऊन असं की आठलाच डांबर मऊ. वाटेत गावागावात निंबाला झोके बांधलेले आणि माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर. मी गाडीतून उतरायला घाबरत होते खरं सांगते. पण बाबा ओट्यावरच होते, आधीपेक्षा वाळलेले, कानाला कमी ऐकू येणारे. अप्पा मोठ्याने म्हणाले, "काय भो, वळख शे का?" बाबांनी हात कपाळावर धरून बघितलं आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "बैलना फोटोवाला उनात वं!"

बाहेर आली ती त्यांची पोर. जिच्या लग्नाला चांद्या विकला ती. आखाजीला माहेरी आलेली, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं बाळ. मी सगळं सांगितलं, डिस्क पडली, फोटो गेले, तुमच्याकडचा एकच राहिलाय. तिने बाळ आजीकडे दिलं, स्टूलवर चढून फोटो स्वतः उतरवला. आता त्याला फ्रेम होती, वरती कॅलेंडर, खाली वीज बिलांची तार. तिने मागचे खिळे चिमट्याने वाकवून काच काढली, खाटेवर अप्पांचं काळं कापड पसरलं त्यावर फोटो ठेवला आणि कडेला उकिडवी बसली. बाबा पण आले. अप्पांनी छत्री धरली. मी खाटेच्या कडेला एक पाय ठेवून वरून बघितलं तर चांद्याच्या कपाळावरचा चांद जरासा पुसट झालेला, बरोबर तिथेच, बोटाएवढा.

मी क्लिक केलं, परत केलं, तिसरा काढला. ती स्क्रीनवर बघत होती. म्हणाली, "मना हातनी भाकर खाये हाऊ." आणि थोड्या वेळाने, "ताई, माले बी एक जोयजे. सासरले लई जासु."

अप्पांनी छत्री मिटली, ओट्यावर बसून वही उघडली, तिला सासरचं गाव विचारलं, तालुका विचारला, परत एकदा नीट विचारून घेतला आणि लिहिलं. किती द्यायचे, १. बाकी.